स्लीपमधून उठवल्यावर लॅपटॉपचं वाय-फाय गायब होतं, रीस्टार्ट केल्याशिवाय येत नाही. काय करावं?

रीस्टार्ट करण्याआधी अडॅप्टर, म्हणजे लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड, दिसतोय का ते बघा, कारण इथूनच दोन वाटा फुटतात.

वाय-फायचं बटणच नाहीसं झालं असेल, तर वीज वाचवण्यासाठी विंडोजने कार्ड बंद केलंय आणि ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते परत जागं करता येत नाहीये. बहुतेक वेळा हेच असतं. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा आणि येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायरलेस कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंट टॅब. तिथली पहिलीच खूण, वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू देण्याची, काढून टाका. बॅटरी किंचित जास्त खर्च होईल, पण रोजच्या कटकटीपेक्षा ते परवडतं. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. तिथे थेट ड्रायव्हरकडे वळा. नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर', म्हणजे आधीच्या ड्रायव्हरवर परत जाणं, आधी करून पाहा.

वाय-फाय जोडलेलं दिसतं पण इंटरनेट नाही? मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक, तपासा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. अडॅप्टर डिसेबल करून पुन्हा एनेबल केला की लॅपटॉप नव्याने पत्ता मागतो, रीस्टार्ट लागत नाही.

आणि एक, नेटवर्क रीसेट, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं, अगदी शेवटी. त्यात साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड पुसले जातात.