हरण्याची वही

मुक्या जनावरासाठी माणसाने किती दिवस रडावे, हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वर्षातून अनेकदा येतो आणि विचारणारी व्यक्ती तो बहुधा आवाज खाली आणून, दार लागलेले आहे ना हे पाहून विचारते. “माझं डोकं तर ठिकाणावर आहे ना?” ही त्यामागची खरी चिंता असते. तिचे उत्तर मी एका अनुभवातून देते. तो संबंधितांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

फाल्गुनात एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. रावेरकडचे केळीचे शेतकरी, वय साठीच्या पुढे. घरात आणि गावात त्यांना आप्पा म्हणतात. त्यांचा कारवानी कुत्रा हरण्या पौषात गेला होता. लातूरकडून पिल्लू असताना आणलेला, अकरा वर्षे दारात राहिलेला. स्कॉटलंडचा डीअरहाउंड काय किंवा आपल्याकडचा कारवानी काय, ही सगळी वासापेक्षा नजरेवर धावणारी जात. खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय. आप्पांच्या वडिलांच्या काळी अशी कुत्री सशांमागे सोडत असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, आणि हरण्याने मात्र आयुष्यभर रानडुकरांपासून बागेची राखण केली. तो गेल्यानंतर दोन महिने आप्पा पहाटे तीनला उठून त्याच्या वाटेने बागेला फेरी मारत होते आणि जेवताना अर्धी भाकरी बाजूला काढून ठेवत होते. घरचे म्हणत, “आप्पा, कुत्रंच होतं ना ते?”

ज्या दुःखाला भोवतालचा समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्याचा विचार केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ साली मांडला, आणि आप्पांकडे पाहताना मला तो सतत आठवत होता. माणूस गेला की दारात लोक जमतात, दहावे-तेरावे होते, शेजारून जेवण येते, कोणीतरी कामे वाटून घेते. हरण्याने प्राण सोडला तेव्हा आप्पा बागेच्या दुसऱ्या टोकाला केळीचे घड गाडीत भरून घेत होते आणि त्याच संध्याकाळी त्यांना व्यापाऱ्याशी हिशेबाला बसावे लागले. “शेवटी मी जवळ नव्हतो,” हे वाक्य पहिल्या भेटीत ते चार वेळा बोलले. मी त्यांना स्पष्ट सांगितले की त्यांचे डोके ठिकाणावर आहे. त्यांचे जेवण तुटले आहे का, जगू नये असे वाटते का, हेही मी आडवळण न घेता विचारले, कारण तसे असते तर त्यांना त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे लागले असते. ते मान हलवून नाही म्हणाले आणि मग अहिराणीत म्हणाले, “मन्हा जीव तठेच अटकेल शे, ताई.”

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक वही आणली. पाच वेत, एकतीस पिल्ले. प्रत्येकाची आई कोणती, रंग कोणता, कोण साक्रीला गेले, कोण शिरपूरला, हे सगळे निळ्या शाईत नीट लिहिलेले होते. हरण्याची एक मुलगी आणि दुसऱ्या आईपासून झालेला एक मुलगा यांची जोडी लावण्याचे त्यांनी ठरवले होते. सुरुवातीला मला हे चांगले लक्षण वाटले, आणि ती माझी चूक होती. तिसऱ्या वेळी ते हरण्याचे दोन महिन्यांचे नातवंड टोपलीत घालून घेऊन आले. त्यांनी त्याचा जबडा बोटांत धरून उजेडाकडे वळवला, शेपटी वितीने मोजली, कान मागे दाबून पाहिले, आणि “कान त्याचे नाहीत” असे म्हणत त्याला पुन्हा टोपलीत ठेवले. पिल्लू त्यांचे मनगट चाटत होते आणि त्यांचे तिकडे लक्षही नव्हते. ते वंश जपत नव्हते, तर गेलेला हरण्या परत मिळवू पाहत होते, हे मला त्या क्षणी कळले.

प्रजननाचे ज्ञान माझ्याकडे नाही, म्हणून मी त्यांना पशुवैद्यांकडे पाठवले. पिल्लू बापाकडून निम्मेच घेते आणि प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला येणारे निम्मे निराळे असते. जवळच्या रक्तात जोडी लावली तर बापाचे गुण हमखास उतरतील असे नाही, मात्र पिढ्यान्‌पिढ्या दडून राहिलेले दोष वर येण्याचा धोका वाढतो, असे त्यांनी समजावले. आप्पा हे ऐकून परतले तेव्हा फार थकलेले दिसत होते. हरण्या दुसऱ्यांदा गेला, असे त्यांना वाटले असावे.

त्या दिवशी मी त्यांना वही मोठ्याने वाचायला सांगितली, एकही ओळ न गाळता. तिच्यात गुण होते तसे दोषही होते. दिवाळीत फटाके वाजले की हा रानडुकरांना न भिणारा कुत्रा बाजेखाली शिरून थरथरायचा, हे आप्पांनीच कधीतरी लिहून ठेवले होते आणि ते विसरले होते. वाचता वाचता ते हसले, आणि मग सुनेसमोर पहिल्यांदाच मोकळेपणाने रडले. सुनेने पाणी दिले आणि ती त्यांच्याजवळ बसून राहिली. पौषापासून अडलेली गोष्ट तिथे घडली, असे माझे मत आहे.

पुढे त्यांनी संकोचत विचारले की बागेच्या कोपऱ्यात, जिथे त्याला पुरले तिथे, एक दगड ठेवला तर लोक हसतील का. वॉल्टर स्कॉट या लेखकाचा मैदा नावाचा डीअरहाउंड रक्ताचा कुत्रा १८२४ साली गेला, तेव्हा त्याला घराच्या दारापाशी, त्याच्या आधीच घडवलेल्या दगडी प्रतिमेखाली पुरले गेले, हे मी त्यांना सांगितले. “म्हणजे साहेब लोकांनाही असंच होतं,” एवढेच ते म्हणाले, आणि आठवडाभरात निंबाखाली दगड आला. जोडी लावण्याचा बेत त्यांनी सोडला.

आखाजीनंतर आप्पा शेवटचे भेटायला आले, तेव्हा तेच पिल्लू दोरीने बांधून सोबत आणले होते आणि त्याला आता स्वतःचे नाव मिळाले होते. वहीत नवे पान उघडलेले होते. गावातल्या लग्नाच्या वरातीनंतर, स्वभावाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते : “फटाक्यांना भीत नाही. आजोबावर गेला नाही.”