शेडमध्ये पहिल्यांदा येणाऱ्याला

रविवारपासून तू येतोयस, फार बरं वाटलं. पण आल्या आल्या वाफेच्या इंजिनवर चढून हातोडा चालवायचा नाही. पहिले दोन महिने घासकाम आणि नोंदी, एवढंच.

एक गोष्ट मात्र आधीच नीट समजून घे. ब्रिटिश बनावटीच्या या जुन्या इंजिनांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाचे असतात. त्यांच्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०, आणि पान्याची मापंही वेगळी. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतोय’ म्हणून जोर लावलास की नटाचे कोपरे गेलेच. माझ्या हातून क्रॉसहेडजवळचा (पिस्टन रॉडच्या टोकाचा सरकता भाग) एक नट असाच गेला, अख्खा दिवस छिन्नीने कापत बसलो होतो. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मार, असले पाने कधी कधी हाती लागतात. जाम नटाला आठवडाभर आधी तेल पाजून ठेव, मग पाना लाव.

सुटलेल्या भागावर ठोकलेला आकडा वाच, फोटो काढ, पत्र्याचं लेबल तारेने बांध. डावा-उजवा रॉड दिसायला सारखेच, पण प्रत्येकाचं बेअरिंग आपल्या जागेप्रमाणे झिजलेलं असतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नकोस, ओला करून खरवड, चांगला मास्क लाव. बॉयलरभोवती तंतुमय अस्तर दिसलं तर हात न लावता मला हाक मार, ते ॲस्बेस्टॉस असू शकतं.

पावसाआधी पिस्टन रॉडला ग्रीस चोपडून घ्यायचंय. आठला ये, सुती कपडे घालून.