छत्रपती संभाजीनगरला पर्यटक वाढावेत म्हणून शहराचा ब्रँड कसा घडवावा?

लोगो आणि घोषवाक्य शेवटी ठरवा. आधी हे बघा, की पर्यटक इथे उतरतो, वेरूळ-अजिंठा बघतो आणि निघून जातो. दोन्ही लेण्यांना 1983 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण वेरूळ इथून साधारण 30 किलोमीटर आणि अजिंठा 100. शहर राहतं ते फक्त मुक्कामापुरतं!

माझ्या मते या शहराची खरी ओळख पाणी आणि जुन्या वेशींचे दरवाजे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने 1610 च्या सुमारास खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून नहरींनी गावात आणलं. दुष्काळी मराठवाड्यात याहून मोठी गोष्ट कोणती? पाणचक्कीवर, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या जुन्या पिठाच्या चक्कीवर, उभं राहून बघा, मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंच भिंतीवरून हौदात कोसळतं आणि तुषार थेट अंगावर येतात. हे एकदा अनुभवलेला माणूस शहर विसरत नाही.

म्हणून चिन्हात कमान आणि पाण्याची धार असावी. बीबी का मकबऱ्याला 'दख्खनचा ताज' म्हणणं मात्र बंद करा, उसनी ओळख कशाला? हिमरू हे इथलं नक्षीदार कापड विणणारे माग आणि नान-खलियाची (रोटी आणि मटणाचा रस्सा) दुकानं एका पायी फेरीत जोडा, सुरुवात 1612 च्या भडकल दरवाजापासून.

आणि कृपा करून दरवाजांवरचे फ्लेक्स आधी उतरवा. नहरींची झाकणं, झरोके, गाळ यांकडे महापालिकेने लक्ष दिलं नाही, तर जाहिरातीत दाखवायला काही उरणार नाही.