आईचं हिप रिप्लेसमेंट पुण्यात करायचंय, कॉम्प्युटर नेव्हिगेशनने सांधा खरंच जास्त अचूक बसतो का?

अँगलपुरतं बोलायचं तर हो. कपचा, म्हणजे कंबरेच्या हाडात बसवायच्या कृत्रिम वाटीचा, कल ३० ते ५० अंश आणि पुढचं वळण ५ ते २५ अंश हे १९७८ पासूनचं लेविनेक या सर्जनचं सुरक्षित माप, आणि नेव्हिगेशन, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हे अँगल स्क्रीनवर दाखवणारं मशीन, वापरलं की त्याबाहेर जाणारे कप कमी होतात हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण हाडं कुठायत ते मशीनला सर्जनच पॉइंटर टेकवून सांगतो, ओटीपोटाखालच्या हाडावर चरबी जाड असली की तिथंच काही अंशांचा फरक पडतो, आणि स्क्रीन मात्र आकडा ठामपणे दाखवत राहते! शिवाय मापात बसलेला सांधाही कधीकधी निखळतो, कारण बसल्या-उठल्यावर कंबरेचा कल बदलतो. त्यामुळे नेव्हिगेशनवालं हॉस्पिटल शोधत कोथरूड ते कॅम्प फिरण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा, वर्षाला किती हिप करता, आणि आईंचा मणका आखडलाय का ते बसून-उभं राहून एक्सरे काढून बघणार का.