साथीदार राक्षस आहे आणि पिक्चर मला जाम आवडलाय

प्रश्न : दादा नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, बँकेत नोकरी करते. मागच्या रविवारी नेटफ्लिक्सवर 'ब्राइट' बघितला, विल स्मिथचा, त्यात त्याच्या गाडीत जोडीदार पोलीस म्हणून ऑर्क असतो, म्हणजे आपल्याकडचा राक्षसच म्हणा, निळसर ठिपक्याठिपक्यांची कातडी आणि सुळे कानसून बारीक केलेले. सासरे रिटायर्ड हवालदार, ते पण भडंगाचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसले. जादूची कांडी सापडते ना, तिथं तर ते टीव्हीला ओरडले, "आरं पंच बोलव की आधी, पंच! हात लावू नको मुद्देमालाला!" आम्ही दोघांनी शेवटपर्यंत बघितला. सोमवारी ऑफिसात सांगितलं तर एकजण लगेच मोबाईल काढून रेटिंग दाखवायला लागला, म्हणे भंगार पिक्चर आहे, तुला आवडलाच कसा. आता येडी मी का ते, तेवढं सांगा. आणि एरवी पोलिसांचा पिक्चर लागला की शिव्या घालणारे सासरे इतके कसे रमले?

उत्तर : येडं कुणीच नाही. तुमच्या ऑफिसातला माणूस खोटं बोलत नाही, २०१७ च्या डिसेंबरात पिक्चर आला तेव्हा समीक्षकांनी त्याला अक्षरशः धुतला होता, एकाने तर वर्षातला सगळ्यात वाईट असंच लिहिलं. आणि त्याच वेळी टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीप्रमाणे एकट्या अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत १ कोटी १० लाख लोकांनी तो टीव्हीवर बघितला. मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या बरोबर आहेत, फक्त बघतायत वेगवेगळ्या गोष्टी.

समीक्षकांनी गोष्ट बघितली, आणि गोष्टीला भोकं आहेत हो. दोन हजार वर्षांपूर्वी काळा राजा होता, नऊ जमाती एकत्र आल्या, त्याला पाडलं, हे सगळं आपल्याला भिंतीवरची चित्रं नाहीतर कुणाच्या तरी तोंडून भाराभर ऐकवतात. बरं, एल्फ (परीकथांतली टोकदार कानांची जमात) आणि ऑर्क जर दोन हजार वर्षं माणसांच्या शेजारी राहतायत तर लॉस एंजेलिस आहे तसंच कसं राहिलं, तेच रस्ते, त्याच गाड्या? इतिहास इकडचा तिकडे व्हायला नको? ह्याचा पत्ताच नाही. श्रीमंत एल्फ आणि दाबलेले ऑर्क हे रूपक तर इतकं डोक्यात हाणतात की टाळू दुखते.

पण तुम्ही बघितली ती गाडी. डेव्हिड आयर हा डायरेक्टर मुळात पोलिसांच्या गाडीचाच माणूस. 'ट्रेनिंग डे' त्याने लिहिलेला, २००१ चा, आणि २०१२ चा 'एंड ऑफ वॉच' त्याचाच, त्यात बराच वेळ दोन पोलीस गाडीत बसून एकमेकांची टिंगल करतात. इथं त्याने काय केलं तर त्यातल्या एका सीटवर राक्षस बसवला आणि बाकी ड्युटी तशीच ठेवली. म्हणून ज्यांना जादू हवी होती ते वैतागले आणि ज्यांना ड्युटी बघायला आवडते ते, म्हणजे तुम्ही आणि तुमचे सासरे, रमले.

सासऱ्यांचं तर मला लगेच कळलं. हरवलेल्या मोबाईलची तक्रार द्यायला मी एकदा एका ठाण्यात तीन तास बसलो होतो (मोबाईल मिळाला नाही, ते सोडा) आणि त्या तीन तासांत तिथं गुन्ह्याबद्दल फार तर दहा मिनिटं बोलणं झालं असेल, बाकी सगळं बंदोबस्ताची ड्युटी कुणाला लागली, बदली कुठं होणार, गुडघा, डबा, आणि साहेब आज कसल्या मूडमधे आहेत. आपल्या पिक्चरमधला पोलीस एका हाताने जीप उलटवतो, त्याला बदलीची भीती नसते, सासरे शिव्या देणारच. ह्या पिक्चरमधला जॅकोबी मात्र खात्यातला पहिला ऑर्क, स्टेशनात कुणी त्याच्याशी धड बोलत नाही, त्याच्या जमातीला वाटतं हा फितूर आणि खात्याला वाटतं हा त्यांचा, आणि तरी हा बाबा डोनट खाल्ल्यासारखा निमूट ड्युटी करतोय. असा एक तरी माणूस सासऱ्यांनी नोकरीत बघितला असणार, विचारून बघा.

आणि पंचांचं म्हणाल तर त्यांचा पॉईंट भारी आहे. ती कांडी उघड्या हाताने ब्राइट (म्हणजे जादू पेलण्याची ताकद असलेला) सोडून कुणी धरली की माणूस जागच्या जागी फुटतो. आता ती सील करून, लेबल लावून मुद्देमाल कारकुनाच्या ताब्यात द्यायची म्हटल्यावर त्या कारकुनाचं काय होणार? ह्यावर मी स्वतंत्र पिक्चर बघेन.

लाज तर सांगलीकराने अजिबात बाळगू नये. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तुमच्याच गावात 'सीतास्वयंवर' केलं, मराठी नाटक सुरू झालं ते तिथून, आणि त्या काळच्या पौराणिक नाटकांत राक्षस असे आरडत स्टेजवर यायचे की लोकांनी त्या नाटकांना अललडुर्र नावच पाडलं. राक्षसाला टाळी देणारं गाव आहे तुमचं. मला तर आयर्विन पुलावर रात्रीची नाकाबंदी दिसायला लागलीय, एक हवालदार आणि एक वेताळ, अमावस्येला वेताळाची सुट्टी कारण त्याची स्वतःची पालखी असते, आणि पिंपळावरचा मुंजा खबरी. करा रे कुणीतरी.

तोपर्यंत १९८८ चा 'एलियन नेशन' मिळाला तर बघा, तेच शहर, तीच पोलिसांची जोडी, फक्त जोडीदार परग्रहावरचा आणि तो नासकं दूध पिऊन झिंगतो. सासऱ्यांसाठी हा नक्की.

प्रश्न : 'ब्राइट' अकरा वर्षांच्या मुलाला दाखवला तर चालेल का? (एक आई, सातारा)

उत्तर : नको. शिव्या आणि रक्त दोन्ही भरपूर, तो मोठ्यांसाठीच काढलाय. त्याला 'झूटोपिया' लावून द्या, २०१६ चा, ऑस्कर मिळालेला. खात्यातला पहिला ससा, म्हणजे सशीण, जोडीला लबाड कोल्हा, आणि पहिल्याच दिवशी साहेब तिला पार्किंगच्या पावत्या फाडायला पाठवतात. तुम्हीही शेजारी बसा.