लेकफ्रंट घर बघतोय, तळं एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं) आणि धरण मातीचं आहे, घ्यावं का?

घ्या, पण आधी तळ्याकडे पाठ करून धरणाच्या मागच्या बाजूला उतरा. तुम्हाला डेक दाखवला असणार, कयाक दाखवली असणार, संध्याकाळचं ऊन पाण्यावर पडलेलं दाखवलं असणार, पण भरावाच्या पायथ्याशी कोणी नेत नाही कारण तिकडे नुसतं गवत आणि डास.

तुम्ही लिहिलंय की घर अटलांटाच्या उत्तरेला आहे, तळं एचओएच्या मालकीचं आहे, धरण 'लहानसंच' आहे आणि रिअल्टर म्हणाली की धरणाचं सगळं सरकार बघतं. ते शेवटचं डोक्यातून काढून टाका. अमेरिकेत सरकारी यादीत नव्वद हजारांच्या वर धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त खासगी आहेत. एचओए मालक म्हणजे तुम्हीच मालक. राज्याचा माणूस फार तर येऊन बघून जातो, पत्र पाठवतो, पैसे तुमचे.

मी हे शहाणपण फुकट मिळवलेलं नाही. मी मुळात सिव्हिलवाला, सोलापूरकडे पाझर तलावांच्या दुरुस्तीची कामं केलीयेत चार वर्षं, मग इकडे आलो आणि सॉफ्टवेअरमध्ये गेलो (हसू नका, निम्मे तसेच आहेत). नऊ वर्षांपूर्वी तळ्याकाठी घर घेतलं, बायकोला पाणी आवडलं, मला किंमत आवडली, आणि ज्या माणसाने उमेदीची चार वर्षं भरावावर उन्हात काढली त्याने भरावाचा मागचा उतार एकदाही जाऊन बघितला नाही. आमचं तळं साधारण 13 एकरांचं, बांध 22 फूट उंच, सत्तरच्या दशकात एका बिल्डरने प्लॉट विकायला बांधलेला, घरं 64.

तिसऱ्या वर्षी एका शेजाऱ्याला कुत्रं फिरवताना बांधाच्या माथ्यावर बादलीएवढा खड्डा दिसला. भला माणूस, त्याने खडी आणून भरला. पुढच्या महिन्यात तिथेच परत खड्डा. तेव्हा मी गेलो आणि पोटात गोळा आला, कारण खड्डा बरोब्बर आडव्या पाइपच्या रेषेत होता. या छोट्या तळ्यांत काय असतं, पाण्यात एक उभा पाइप, त्याला इथे रायझर म्हणतात, आणि त्याच्या बुडाला जोडलेला आडवा पाइप भरावाखालून पलीकडे ओढ्यात. आपल्याकडे विमोचक म्हणतात तसलाच प्रकार समजा. त्या काळात हा पाइप पन्हळी पत्र्याचा टाकायचे, स्वस्त पडायचा, आणि तीस-चाळीस वर्षांत तो खालून गंजून चाळण होतो. मग भरावातली माती त्या भोकांतून पाइपात जाते, पाण्याबरोबर वाहून जाते, आत पोकळी होते आणि वर एक दिवस खड्डा दिसतो. वरून खडी टाकणं म्हणजे किडलेल्या दातावर चॉकलेट लावण्यासारखं आहे. मातीच्या धरणातून जिथे काही आरपार जातं ती जागा कायम नाजूक. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं त्याचं मूळही विमोचकाच्या बांधकामातच होतं, आणि ते तर केवढं मोठं धरण.

पुढचं थोडक्यात. तळं रिकामं करायला गेलो तर झडप फिरेना, कारण वर्षानुवर्षं कोणी फिरवलीच नव्हती. सायफन भाड्याने आणले. पाइप बदलायचा ठरला, एचओएच्या खात्यात होते ते पैसे जेमतेम पूल रंगवण्यापुरते, त्यामुळे प्रत्येक घरामागे 11,000 डॉलरची स्पेशल असेसमेंट, म्हणजे जादा वर्गणी, लागली. तळं चौदा महिने कोरडं, नुसता चिखल आणि वास, त्यात तीन घरं विकली गेली आणि भाव विचारू नका. भांडणं इतकी झाली की दिवाळीच्या पार्टीलासुद्धा दोन टेबलं वेगवेगळी.

आता तुम्ही म्हणाल लहान धरण फुटून असं काय होणार. तुमच्या भागापासून दोनेक तासांवर टकोआ फॉल्स आहे, धबधबा बघायला लोक जातात. त्या धबधब्याच्या वर केली बार्न्स नावाचं धरण होतं, उंची चाळीसेक फूट, मालकी खालच्या बायबल कॉलेजची. मूळ बांध 1899 चा, विजेसाठी, नंतर त्याच्यावर टप्प्याटप्प्याने माती चढवत नेली, 1957 ला वीज बंद झाली आणि मग ते नुसतं विरंगुळ्याचं तळं उरलं. आणि नुसतं विरंगुळ्याचं झालं की धरणाकडे धरण म्हणून बघणं संपतं, लोक त्याला निसर्गच समजायला लागतात. मागच्या उतारावर झाडं वाढली होती, झिरपा होता, उताराचा एक भाग आधी घसरलेलाही होता. 6 नोव्हेंबर 1977, पावसानंतरची रात्र, दीडच्या सुमारास ते फुटलं आणि खाली झोपलेल्या कॅम्पसमधली 39 माणसं गेली. चौकशीत एकच एक कारण सापडलं नाही, दुखणी बरीच निघाली. त्यानंतर जॉर्जियाने 1978 ला धरण सुरक्षेचा कायदा केला, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर, जे स्वतः जॉर्जियाचेच, त्यांनी देशभरातल्या धोक्याच्या खासगी धरणांची तपासणी लावली.

त्या कायद्याचा तुमच्याशी संबंध असा. धरण 25 फूट किंवा त्याहून उंच असेल नाहीतर पाणीसाठा 100 एकर-फुटांच्या (एक एकरभर फूटभर खोल पाणी म्हणजे एक एकर-फूट) वर जात असेल तर ते राज्याच्या हिशोबात येतं, आणि फुटल्यास माणसं मरण्याची शक्यता असेल तर कॅटेगरी एक, नाहीतर दोन. ही कॅटेगरी धरणाच्या तब्येतीची नाही, खाली कोण राहतं त्याची आहे. धरण ठणठणीत असूनही एकमध्ये असू शकतं आणि पार खिळखिळं असूनही दोनमध्ये. गंमत अशी की आज दोनमध्ये असलेल्या धरणाच्या खाली उद्या कोणी चार टाउनहाउस बांधली की तुमचं धरण एकमध्ये, मग सांडवा नव्या नियमाने मोठा करा, इंजिनियर नेमा, आणि तुम्ही तर जागचे हललेलेही नसता. म्हणून धरणाखालच्या ओढ्याने मैलभर गाडी फिरवून या, मोकळी जमीन विकायला आहे का बघा.

सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाजूने निघून जायची वाट, ती मोकळी आहे ना ते बघा. मातीच्या धरणावरून पाणी गेलं की खेळ खलास, काँक्रीटचं एक वेळ तग धरेल, माती नाही. 1889 ला पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनला 2,209 माणसं गेली ते धरणही मातीचंच होतं आणि पिट्सबर्गच्या श्रीमंतांच्या मासेमारी क्लबच्या मालकीचं. मासे पळू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावलेल्या आणि बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतलेला. आमच्या कमिटीतही एका गृहस्थांनी जाळीचा प्रस्ताव आणला होता, कार्प मासे महाग पडतात म्हणून. 2015 च्या ऑक्टोबरात शेजारच्या साउथ कॅरोलिनात पन्नासेक छोटी धरणं फुटली, त्यातली बरीच अशीच कॉलनीतली तळी.

झाडांवरून लोक चिडतात. बांधावरचं झाड सावली देतं, पण वादळात उन्मळलं तर मुळांबरोबर भरावाचा घास घेऊन पडतं, आणि मेलं तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. मोठं झाड उत्साहाने स्वतः कापून मोकळे होऊ नका, कुजणारी मुळं आतच राहतात, इंजिनियरला विचारून मुळं काढून माती दाबून भरावी लागते. बिळंही बघा, इथे मस्करॅट आणि ग्राउंडहॉग, आपल्याकडे घुशी. 2019 ला रत्नागिरीतलं तिवरे धरण फुटलं तेव्हा खेकड्यांवर खापर फोडलं गेलं आणि सगळा महाराष्ट्र हसला. खेकडे बिळं करतात हे खरंच, पण लोक गळतीची तक्रार आधीपासून करत होते, खेकड्यांनी अर्ज अडवून ठेवले नव्हते.

झिरपा दिसला म्हणून लगेच घाबरूही नका. मातीचं धरण थोडं पाझरतंच, आमचे तलाव तर पाझरायलाच बांधलेले. पाणी नितळ आहे की गढूळ ते बघायचं. काचेच्या बरणीत घ्या, तासभर ठेवा, बुडाला गाळ बसला तर आतून माती येतेय, मग त्या घराचं नाव सोडा. आजूबाजूला गवत वाळलेलं आणि एका पट्ट्यातच हिरवंगार, लव्हाळी उगवलेली, तर तिथे झिरपा आहे असं समजा.

एचओएकडून मागायचं ते म्हणजे शेवटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट, धरणासाठी राखीव पैसे किती, पाइप कसला, त्यात कॅमेरा शेवटचा कधी घातला, आणि धरणाची जमीन कागदावर नेमकी कोणाच्या नावावर आहे. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कधीकधी ती केव्हाच बंद पडलेल्या बिल्डरच्या कंपनीच्या नावावर निघते, कधी एकाच प्लॉटच्या मागच्या अंगणात निघते, आणि तो प्लॉट तुमचाच असायचा. नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पूर येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

एचओएने टाळाटाळ केली तर राज्याच्या सेफ डॅम्सवाल्यांना ईमेल टाका, रिपोर्ट मागितला तर देतात. शनिवारी बघायला जाल तेव्हा बूट घालून जा, सापही असतात. पायथ्याचे आणि पाइपच्या तोंडाचे फोटो इथे टाकले तर बघून सांगेन.