मुंबईत पहिल्यांदाच जेवायला जाणाऱ्या सांगलीकरांसाठी

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरल्यावर स्टेशनवरच पोट भरून घेण्याची घाई करू नका. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाता येईल अशा धोबी तलावाला १९०४ पासूनचे कयानी हे इराणी हॉटेल आहे. तिथे ब्रून मस्का (लोणी लावलेला कडक पाव) आणि चहा घ्या.

दुपारचे जेवण मात्र माशांचेच असावे आणि त्यासाठी दादरमधील एखादी मालवणी खाणावळ निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. आधी बोंबील मागवा. हा मासा इतका पाणीदार असतो की चिरून, वजनाखाली दाबून पाणी काढल्यावरच तो रव्यात घोळवून तळतात. तव्यावरून उतरलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा लागतो. पण निवला की मऊ पडतो, म्हणून बाकीचे ताट येण्याची वाट पाहू नका. आपल्याकडच्या झणझणीत रश्श्याची सवय असल्याने नारळाचे कालवण सुरुवातीला सौम्य वाटेल, तरी वरून तिखट मागू नका. बांगड्याच्या कालवणातील तिरफळ या कोकणी मसाल्याचा वास त्याखाली दबून जातो. (तिरफळ चावायचे नसते, बाजूला काढायचे.) जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नये.

शाकाहारी असाल, तर शिवाजी पार्कजवळच्या प्रकाशमधील साबुदाणा वडा आणि पीयूष चुकवू नका. माटुंग्याच्या कॅफे मद्रासला रविवारी सकाळी मोठी रांग असते, म्हणून तिथे शक्यतो मंगळवार ते शनिवार या दिवसांत जावे.